तटस्थ अमेरिका पहिल्या महायुद्धात नेमकी कशी ओढली गेली?

शोधयात्री (धागा)

नमस्कार. पहिल्या महायुद्धाविषयी वाचताना मी एका गोष्टीपाशी वारंवार अडखळते, म्हणून हा धागा काढत आहे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अमेरिकेची तटस्थता जाहीर केली आणि पंधरा दिवसांनी सिनेटला धाडलेल्या संदेशात नागरिकांनी कृतीतच नव्हे, तर विचारांतही निःपक्षपाती राहावे, असे आवाहन केले. नोव्हेंबर १९१६ ची निवडणूक त्यांच्या पक्षाने 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले' याच घोषणेवर लढवली. ती ते जेमतेम जिंकले. कॅलिफोर्नियातील त्यांचे मताधिक्य चार हजारांच्याही आत होते, आणि ते एक राज्य हातचे गेले असते तर अध्यक्षपदही गेले असते. असे असताना, दुसऱ्यांदा शपथ घेऊन महिनाही झाला नव्हता तोच, २ एप्रिल १९१७ रोजी हेच विल्सन काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, उभे राहून युद्धाची मागणी करतात आणि चार दिवसांत ती मान्यही होते.

शाळेत आपण शिकतो की जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' बुडवली आणि अमेरिका युद्धात उतरली. पण लुसिटानिया बुडाली ७ मे १९१५ रोजी. मध्ये तब्बल तेवीस महिने गेले. तेच कारण असेल तर एवढा काळ थांबण्याचे प्रयोजन काय, आणि ते कारण नसेल तर मग कोणते? अटलांटिकच्या पलीकडच्या भांडणात न पडण्याची इच्छा लोकांची होती, अध्यक्षांचीही होती असे दिसते. तरीही देश तेथे जाऊन पोहोचलाच. हा निर्णय कोण्या एका दिवशी झाला, की तो झाला आहे हे नंतर लक्षात आले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कलमबद्ध

आपला प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात मी कायद्यापासून करतो, कारण त्या तेवीस महिन्यांतील बहुतेक वाद कायद्याच्याच भाषेत लढले गेले.

१९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ देशाच्या सरकारने कोणत्याही युद्धमान देशाला शस्त्रे पुरवायची नाहीत. मात्र त्या देशातील खाजगी व्यापाऱ्यांनी ती विकली तर सरकारने त्यांना रोखलेच पाहिजे, असे बंधन नाही. म्हणजे अमेरिकी कारखानदार काडतुसे, गहू, तांबे, कापूस हे सारे ब्रिटनलाही विकू शकत होते आणि जर्मनीलाही. कागदावर दोघांना सारखाच न्याय. परंतु माल विकत घेतल्यावर तो समुद्रावरून नेण्याची ताकद एकाकडेच होती. ब्रिटिश आरमाराने उत्तर समुद्राची कोंडी केली होती, त्यामुळे सर्वांसाठी उघडलेले दुकान प्रत्यक्षात एकाच गिऱ्हाइकाचे झाले. दोस्त राष्ट्रांना (ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांचे साथी) होणारी अमेरिकेची निर्यात १९१४ मध्ये सुमारे ८२ कोटी डॉलर होती, ती १९१६ पर्यंत ३२० कोटींच्या आसपास गेली; जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांना होणारी १७ कोटींच्या आतबाहेर होती, ती घसरून दहा-बारा लाखांवर आली. अमेरिकेने पक्ष घेतला नव्हता. व्यापार मात्र एका पक्षाचा झाला होता.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी तक्रार केली की, ही विक्री थांबवा. त्यावर अमेरिकेचे उत्तर असे की, खेळ सुरू असताना नियम बदलणे हाच पक्षपात ठरेल. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. जर्मन सैनिकाच्या अंगावर येऊन फुटणाऱ्या गोळ्याला मात्र तो निर्दोषपणा ठाऊक नसतो, आणि बर्लिनमध्ये जे मत बनत गेले ते त्या गोळ्यावरून.

आता दुसरी बाजू. ब्रिटनही नियम मोडत होताच. युद्धनिषिद्ध मालाची यादी तो वाढवीत गेला, तटस्थ जहाजे आपल्या बंदरांत ओढून नेत होता, टपाल फोडत होता आणि जुलै १९१६ मध्ये तर त्याने जर्मनांशी व्यवहार करणाऱ्या अमेरिकी व्यापारी पेढ्यांनाच काळ्या यादीत घातले. अमेरिकेने याविरुद्ध लांबलचक खलिते पाठवले. पण ब्रिटनच्या नियमभंगात माल जात होता, जीव जात नव्हते. आणि मालाची भरपाई युद्धानंतर लवादाकडून मागता येते. शिवाय ब्रिटनला दुखऱ्या जागेवर मलम लावणे जमत असे. ऑगस्ट १९१५ मध्ये त्याने कापूस निषिद्ध ठरवला तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतील शेतकरी खवळणार हे उघड होते, म्हणून भाव कोसळू नये इतका कापूस आपण स्वतः उचलू, अशी तजवीज त्याने आधीच करून ठेवली. जर्मनीच्या हाती असलेल्या शस्त्राला अशी सोय नव्हती. पाणबुडी जहाज बुडवते, आणि बुडालेल्या माणसाची भरपाई होत नाही.

४ फेब्रुवारी १९१५ रोजी जर्मनीने ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला. सहाच दिवसांनी विल्सन सरकारने बजावले की, अमेरिकी जहाजे वा जीव गेल्यास जर्मनीला काटेकोरपणे जबाबदार धरले जाईल. माझ्या मते आपल्या प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. या वाक्याने अमेरिकेने आपला युद्धात उतरण्याचा निर्णय अर्धा स्वतःकडे ठेवला आणि अर्धा एखाद्या जर्मन पाणबुडीच्या कप्तानाच्या हाती दिला.

परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना हे दिसत होते. अमेरिकी नागरिकांनी युद्धमान देशांच्या जहाजांतून प्रवास करू नये, निदान दारूगोळा वाहणाऱ्या जहाजांतून तरी करू नये, असा त्यांचा साधा आग्रह होता. लुसिटानियानंतर जर्मनीला जे कडक खलिते गेले त्यांपैकी दुसऱ्यावर सही करण्याऐवजी त्यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. १९१६ च्या आरंभी हाच विचार गोर आणि मॅक्लेमोर या सदस्यांच्या ठरावांच्या रूपाने काँग्रेसमध्ये पुन्हा आला. विल्सन यांनी आपले वजन खर्चून तो बाजूला सारला. आज एक हक्क सोडला तर उद्या दुसरा सोडावा लागेल, आणि त्यात राष्ट्राची प्रतिष्ठा जाते, हा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रायन यांची त्या काळी भित्रे म्हणून टिंगल झाली. मला ते त्या मंत्रिमंडळातील सर्वांत व्यवहारी गृहस्थ वाटतात.

निवृत्त_दर्यावर्दी

कलमबद्ध यांनी कायदा मांडला आहे, तोच समुद्रावर कसा लागू होतो याविषयी थोडे लिहितो. माझे आयुष्य मालवाहू जहाजांवर गेले आहे, त्यामुळे हा विषय निघाला की माझ्याने गप्प राहवत नाही.

जुन्या नियमानुसार युद्धनौकेने व्यापारी जहाजाला आधी थांबण्याचा इशारा द्यायचा, मग होडीतून माणसे पाठवून जहाजाची कागदपत्रे आणि माल तपासायचा. माल निषिद्ध निघाला तर जहाज शक्यतो आपल्या बंदरात न्यायचे, आणि बुडवणे भागच असेल तर त्याआधी त्यावरील सर्वांना सुरक्षित ठिकाणी पोहोचवायचे. मोठ्या क्रूझरला हे जमते. त्या काळच्या पाणबुडीवर मात्र पस्तीस-चाळीस माणसे दाटीवाटीने राहत. त्यांतली काही पकडलेल्या जहाजावर चढवली तर पाणबुडी चालवणार कोण? बुडणाऱ्या जहाजावरचे दोनशे लोक आत घ्यायचे म्हटले तर ठेवायचे कोठे? शिवाय तिचा पत्रा इतका पातळ की, पृष्ठभागावर असताना एक गोळा नेमका लागला तर तिला पुन्हा बुडी मारता येत नसे. ब्रिटनने व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या, पाणबुडी दिसल्यास अंगावर जहाज घालण्याच्या सूचना दिल्या आणि साध्या मालवाहू जहाजाच्या वेषात तोफा लपवलेली जहाजेही फिरवली. इतके झाल्यावर नियम पाळून वर येणारा कप्तान जिवावर उदार होऊनच वर येत असे.

झेंड्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये खुद्द लुसिटानियाच आयर्लंडच्या समुद्रातून लिव्हरपूलला जाताना अमेरिकेचा झेंडा लावून गेली होती. जीव वाचवण्यासाठी परका झेंडा लावणे हा जुना दर्यावर्दी रिवाज आहे, त्यात नवल नाही; पण पाण्याखालून दुर्बिणीने पाहणाऱ्याला मग खरा तटस्थ आणि खोटा तटस्थ यांतला फरक कसा कळावा?

तीच लुसिटानिया १ मे रोजी न्यूयॉर्कहून निघाली, तेव्हा त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रांत जर्मन वकिलातीची सूचना छापून आली होती की, युद्धक्षेत्रातून ब्रिटिश जहाजाने प्रवास करणारे आपल्या जबाबदारीवर करतात. जहाजात प्रवाशांबरोबर सुमारे ४२ लाख रायफलीची काडतुसेही होती. ७ मे रोजी दुपारी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापाशी यू-२० या जर्मन पाणबुडीचा एकच पाणतीर (टॉर्पेडो) लागला, त्यापाठोपाठ आत दुसरा स्फोट झाला आणि अठरा मिनिटांत जहाज तळाला गेले. जहाज उजव्या अंगावर इतके कलले होते की, डाव्या बाजूच्या होड्या जहाजाच्याच पाठीवर घासू लागल्या आणि उजव्या बाजूच्या हाताला येणार नाहीत इतक्या बाहेर झुलत राहिल्या. एकूण ४८ होड्यांपैकी सहाच धडपणे पाण्यात उतरल्या. ११९८ माणसे गेली, त्यांत १२८ अमेरिकी. दोन वर्षांनी कोणाचे काय राजकारण झाले ते झाले. मला त्या झुलणाऱ्या होड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रोखठोक

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण त्यांत मूळ मुद्दा राहून गेला आहे. तो म्हणजे पैसा.

१९१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मंदी होती. युद्ध पेटताच न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद करावा लागला आणि तो चार महिने पूर्णपणे सुरू झाला नाही. त्यानंतर जी भरभराट आली ती दोस्तांच्या मागणीमुळे. ऑगस्ट १९१४ मध्ये याच ब्रायन यांनी सांगितले होते की, युद्धमान देशाला कर्ज देणे तटस्थतेच्या भावनेशी विसंगत आहे, कारण पैसा हाच सर्वांत वाईट निषिद्ध माल, तो इतर सर्व माल खेचून आणतो. हे धोरण एका वर्षात हवेत विरले. आधी 'ही कर्जे नव्हेत, उधारीच्या सोयी आहेत' अशी पळवाट निघाली, आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये मॉर्गन यांच्या पेढीने ब्रिटन आणि फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचे कर्ज उघडपणे उभारले. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना दिलेल्या कर्जाचा आकडा २३० कोटींच्या घरात गेला होता. जर्मनीच्या वाट्याला तीन कोटींहूनही कमी आले. ज्याच्याकडे आपले एवढे पैसे अडकले आहेत तो बुडावा, असे कोणत्या सावकाराला वाटेल?

५ मार्च १९१७ रोजी लंडनमधील अमेरिकी राजदूत वॉल्टर पेज यांनी वॉशिंग्टनला तार केली की, ब्रिटनची पत संपत आली आहे आणि आपला व्यापार टिकवायचा तर बहुधा युद्धात उतरणे हाच मार्ग उरतो. महिनाभरात युद्ध जाहीर झाले. सिनेटमध्ये जॉर्ज नॉरिस यांनी तोंडावर सांगितले की, आपण राष्ट्रध्वजावर डॉलरचे चिन्ह काढायला निघालो आहोत. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दप्तरदार

रोखठोक यांचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला पटत नाही. नोव्हेंबर १९१६ ची एक घटना त्यांच्या हिशेबात बसत नाही. त्या महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बोर्डाने आपल्या बँकांना जाहीर इशारा दिला की, परदेशी सरकारांच्या विनातारण हुंड्यांत पैसे गुंतवताना जपून राहावे. त्या इशाऱ्याचा मसुदा विल्सन यांनी पाहिला होता, आणि तो सौम्य करण्याऐवजी अधिक कडक करून घेतला. दोस्तांना वाटाघाटींच्या टेबलावर आणण्यासाठी त्यांना ही गळचेपी हवीच होती. लंडनमध्ये धावपळ उडाली, पौंड सावरण्यासाठी सोने जहाजांत भरून पाठवावे लागले. सावकारांच्या दबावाखाली युद्धात उतरायला निघालेला अध्यक्ष त्याच सावकारांच्या सर्वांत मोठ्या कुळाची पत असा भर बाजारात पाडत नाही. २२ जानेवारी १९१७ पर्यंत ते सिनेटपुढे विजयाविना शांततेचीच भाषा बोलत होते.

पैशाने काम केले, पण ते वॉशिंग्टनमध्ये नव्हे, बर्लिनमध्ये केले, असे माझे मत आहे. जरा खुलासा करतो.

मार्च १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत 'ससेक्स' या फ्रेंच प्रवासी बोटीवर पाणतीर मारला गेला, तेव्हा विल्सन यांनी संबंध तोडण्याची धमकी दिली आणि ४ मे रोजी जर्मनीने माघार घेतली. इशारा न देता व्यापारी जहाजे बुडवणार नाही, असा शब्द दिला. तो शब्द नऊ महिने टिकला, आणि शोधयात्री, आपण म्हणता त्या तेवीस महिन्यांपैकी बराच काळ त्यानेच व्यापला आहे. निवडणुकीतील घोषणा खोटी नव्हती. ती लिहिली गेली तेव्हा समुद्र खरोखरच त्या मानाने शांत होता.

त्यानंतर जर्मनीत दोन गोष्टी घडल्या. हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ यांच्या हाती सैन्याची सूत्रे आली, आणि नाकेबंदीमुळे बटाट्याच्या जागी सलगम खावे लागलेला हिवाळा आला. डिसेंबर १९१६ मध्ये आरमारप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांनी आकडेमोड करून मांडले की, दरमहा सहा लाख टनांची जहाजे बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन शरण येईल. ९ जानेवारी १९१७ रोजी प्लेस या गावी, जर्मन लष्करी मुख्यालयात झालेल्या बैठकीत कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ती योजना मान्य केली. चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांचा विरोध होता, पण त्यांनी मान तुकवली. या बैठकीत अमेरिका युद्धात उतरेल का, हा प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला होता. उतरेल, असे धरूनच निर्णय झाला. कारण अमेरिकेचा दारूगोळा, धान्य आणि पैसा दोस्तांना आधीच मिळत होता; तिचे नियमित सैन्य सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे युरोपच्या मानाने नगण्य; आणि ते तयार होऊन समुद्र ओलांडेपर्यंत ब्रिटन संपलेला असेल. आरमारमंत्री कापेले यांनी राइखस्टागच्या (जर्मन संसदेच्या) समितीला सांगितले की, अमेरिकेचे लष्करी महत्त्व शून्य, आणि पुन्हा एकदा शून्य. अमेरिका मनाने तटस्थ होती की नव्हती, हा प्रश्न तेथे कोणी विचारलाच नाही. जर्मनीच्या खातेवहीत ती केव्हाच शत्रूच्या पानावर चढली होती, आणि तटस्थ देशाला तटस्थ ठेवण्यात मिळकत उरली नव्हती.

यातली विलक्षण गोष्ट अशी की, जर्मनी आणखी काही महिने थांबली असती, तर डॉलर संपल्यामुळे ब्रिटनची अमेरिकेतील खरेदी आपोआप आखडली असती. पेज यांच्या ज्या तारेचा दाखला रोखठोक देतात, तिचा खरा अर्थ हा आहे.

३१ जानेवारीला जर्मन राजदूत बेर्नस्टॉर्फ यांनी वॉशिंग्टनमध्ये खलिता दिला: उद्यापासून अनिर्बंध पाणबुडीयुद्ध. ३ फेब्रुवारीला संबंध तुटले. तरीही विल्सन युद्धाचे नाव काढीत नव्हते. प्रत्यक्ष आगळीक होईपर्यंत आपण वाट पाहू, असेच ते म्हणत होते. मग झिमरमानची तार आली.

जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा ब्रिटनने युद्धाच्या पहिल्याच दिवशी तोडल्या होत्या. शांततेच्या बोलण्यांसाठी सोय व्हावी म्हणून विल्सन यांनी जर्मन सरकारला अमेरिकेच्या राजनैतिक तारेचा उपयोग करू दिला होता. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी त्याच तारेवरून, १६ जानेवारी रोजी, अमेरिकेविरुद्धचा बेत पाठवला. युद्ध झालेच तर मेक्सिकोने आपल्या बाजूने उतरावे आणि टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना परत मिळवावेत. संदेश नुसत्या आकड्यांच्या गटांत होता. वॉशिंग्टनहून मेक्सिकोला तो पुढे धाडताना जे सांकेतिक कोष्टक वापरले गेले, त्यात 'ॲरिझोना' हा शब्दच नव्हता, म्हणून तो चार तुकड्यांत फोडून लिहावा लागला. ब्रिटिश आरमाराच्या 'रूम ४०' या संकेत उलगडणाऱ्या कचेरीतील मंडळींनी ते आकडे उलगडले, पण लगेच सांगायची सोय नव्हती. सांगितले तर आम्ही तुमचीही तार चोरून ऐकतो, अशी कबुलीच झाली असती. म्हणून त्यांनी मेक्सिको शहराच्या तारघरातून त्याच संदेशाची प्रत मिळवली आणि ती तेथूनच हाती लागल्याचे दाखवले. १ मार्चला वर्तमानपत्रांत ती छापून येताच अनेकांनी बनावट म्हणून उडवून लावली. ३ मार्चला खुद्द झिमरमान यांनीच सांगून टाकले की, तार खरी आहे. त्यांनी हे का केले असावे, याचे मला आजही नवल वाटते.

यानंतर देशाच्या मध्यभागात आणि नैर्ऋत्येकडे, जिथे पाणबुडी हा दूरचा विषय होता, तिथेही वारे फिरले. मार्चच्या मध्यावर तीन अमेरिकी जहाजे बुडाल्याच्या बातम्या एकापाठोपाठ आल्या. त्यांपैकी 'व्हिजिलान्शिया'वरचे पंधरा खलाशी गेले. त्याच आठवड्यात रशियाच्या झारने सिंहासन सोडले, त्यामुळे लोकशाहीसाठी युद्ध म्हणताना झारला मित्र कसे म्हणावे, ही अडचणही सरली. २० मार्चच्या बैठकीत मंत्रिमंडळातील प्रत्येकाने युद्धाच्या बाजूने मत दिले. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५०.

विल्सन यांचे स्वतःचे आणखी एक कारण होते. फेब्रुवारीच्या अखेरीस शांततावादी कार्यकर्त्या जेन ॲडम्स त्यांना भेटल्या, तेव्हा ते म्हणाले की, युद्धात उतरलेल्या राष्ट्राच्या प्रमुखाला तहाच्या टेबलापाशी जागा मिळेल, तटस्थाला दाराच्या फटीतून ओरडावे लागेल. त्यांना ओढून नेले, हे खरे. पण शेवटची काही पावले ते स्वतः चालले, हेही खरे.

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. दप्तरदार यांच्या प्रतिसादाने तेवीस महिन्यांचा गुंता सुटला. एक शंका उरते. व्यापार, पाणबुड्या आणि नाकेबंदी यांचा जाच नॉर्वे आणि नेदरलँड्स यांना तर अमेरिकेहून कितीतरी अधिक झाला असणार. ते देश अखेरपर्यंत तटस्थ कसे राहिले?

कलमबद्ध

त्यांना जाच झालाच. नॉर्वेचे सुमारे दोन हजार खलाशी समुद्रात गेले आणि त्याच्या व्यापारी ताफ्याचा जवळपास अर्धा भाग बुडाला. नेदरलँड्सने १९१४ च्या अखेरीस व्यापाऱ्यांची एक संस्था उभी केली; आयात माल जर्मनीला जाणार नाही, याची हमी ती ब्रिटनला देत असे, म्हणजे सरकारला स्वतःची सही करावी लागत नसे. मार्च १९१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी आपापल्या बंदरांत उभी असलेली डच जहाजे सरळ ताब्यात घेतली, आणि हेग येथील सरकारने निषेध नोंदवून गप्प बसणे पसंत केले. ही ताब्यात घेणारी अमेरिका तीच, जी वर्षापूर्वी तटस्थांच्या हक्कांसाठी लढायला निघाली होती, हे जाता जाता नोंदवतो.

फरक असा की, शेजारी जर्मन सैन्य उभे असलेल्या लहान देशाला प्रतिष्ठेचा प्रश्न परवडत नाही. तो हक्क सोडतो आणि जगतो. प्रबळ देशाला हक्क सोडणे अवघड जाते, कारण लढण्याचा पर्याय त्याच्यापाशी खरोखर असतो. मधल्या आकाराच्या देशांचे हाल निराळे. पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून आपल्या बंदरांतील जर्मन जहाजे ताब्यात घेतली आणि पंधरवड्यात जर्मनीने त्याच्यावर युद्ध पुकारले. ब्राझीलही जहाजे बुडाल्यामुळेच ऑक्टोबर १९१७ मध्ये उतरला.

अमेरिकेने नमते घेण्याचा प्रयोग त्याआधी शंभर वर्षांपूर्वी करून पाहिला होता, हेही येथे आठवावे. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटन आणि फ्रान्स दोघेही तिची जहाजे पकडत होते, तेव्हा जेफरसन यांनी १८०७ मध्ये आपल्याच जहाजांना परदेशी जाण्यास बंदी केली. निर्यात एका वर्षात १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली, बंदरे ओस पडली, आणि कायदा सव्वा वर्षात मागे घ्यावा लागला. पुढे जून १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध झालेच. तटस्थ व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ज्या ब्रिटिश हुकमांविरुद्ध ते पुकारले, ते मागे घेत असल्याचे ब्रिटिश सरकारने संसदेत त्याच आठवड्यात सांगितले होते, पण बातमी जहाजाने यायची होती.

रोखठोक

प्लेसच्या बैठकीचा मुद्दा मान्य. पैशाने काम बर्लिनमध्ये केले, हे मी या दृष्टीने पाहिले नव्हते. तरी एवढे म्हणेन की, अमेरिकी जनतेने पुढे माझ्यासारखाच अर्थ लावला. १९३४ मध्ये सिनेटर नाय यांच्या समितीने शस्त्र कारखानदार आणि सावकार यांची चौकशी केली, आणि १९३५ ते १९३७ च्या तटस्थता कायद्यांनी शस्त्रविक्री, कर्ज आणि युद्धमान जहाजांतून प्रवास या तिन्हींवर बंदी आली. म्हणजे ब्रायन यांचे म्हणणे बावीस वर्षांनी कायदा झाले. १९३९ मध्ये त्यातली शस्त्रबंदी उठली, रोख द्या आणि आपल्या जहाजातून न्या, या अटीवर. मार्च १९४१ मध्ये रोखीची अटही गेली. त्या वर्षाच्या शरद ऋतूत अमेरिकी विनाशिका अटलांटिकमध्ये ब्रिटनकडे जाणाऱ्या ताफ्यांना सोबत करीत होत्या, आणि ३१ ऑक्टोबरला 'रुबेन जेम्स' बुडून तिच्यावरचे शंभराच्या आसपास नौसैनिक गेले. तेव्हा पर्ल हार्बरला पाच आठवडे अवकाश होता.

दप्तरदार

एक दुरुस्ती माझ्याच प्रतिसादाला. मी लिहिलेले मतदान केवळ जर्मनीपुरते होते. ऑस्ट्रिया-हंगेरीशी अमेरिकेने युद्ध पुकारले ते ७ डिसेंबर १९१७ रोजी, आणि तुर्कस्तान व बल्गेरिया यांच्याशी तर शेवटपर्यंत पुकारलेच नाही. विल्सन यांनी आपल्या देशाला 'दोस्त राष्ट्र' म्हणवून घेण्याचेही टाळले. कागदोपत्री अमेरिका 'सहयोगी राष्ट्र' होती, आणि तिचे वीस लाख सैनिक फ्रान्समध्ये उतरल्यावरही हा शब्द बदलला नाही.